भाकरीतला गहू

‘कुठून तरी गहू पोटात जातोय,’ रिपोर्टवरची नजर न हलवता डॉक्टर म्हणाले.

माझ्या फ्लॅटमेटचा चेहरा खर्रकन उतरला. पोळी सोडून तिला आठ महिने झाले होते. (नाव छापायचं नाही अशी सक्त ताकीद आहे, तेव्हा या पानापुरत्या त्या ‘बाईसाहेब’.) पोळी, ब्रेड, पाव, बिस्किटं, केक, पिझ्झा, पास्ता, नूडल्स, सगळ्यावर पाणी सोडलेलं. टीम लंचला पब्लिक गार्लिक ब्रेडवर तुटून पडायचं तेव्हा ही काकडीच्या चकत्या मोजत बसायची. स्वतःच्या वाढदिवसाचा केक तिने कापला, बारा जणांना भरवला आणि बोटं न चाटता टिश्यूला पुसली. हे जिला जमलं तिला काहीही जमेल, असं आमचं मत होतं.

आणि रिपोर्ट काय म्हणतो? टीटीजी नावाची अँटिबॉडी सुरुवातीला नॉर्मलच्या दहापट होती, ती आता सहापट. उतरली, पण आठ महिन्यांत उतरायला हवी होती तेवढी नाही. हिमोग्लोबिन अजून नवाच्या आतच. पोट फुगणं, दुपारी तीन वाजता डेस्कवर डोकं टेकावंसं वाटणं, केस गळणं, सगळं जैसे थे.

‘मी चीटिंग करत नाही हो,’ ती म्हणाली आणि चक्क रडायला लागली. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये सहा वर्षं काढलेली, डेव्हलपरच्या तोंडावर ‘तुझा कोड भंगार आहे’ असं सांगणारी ही बाई! खरं सांगते, दोन सेकंद मलाही डाऊट आला होता. रात्री अकराला किचनमधून खुडबुड ऐकू यायची, ती कसली? नंतर कळलं, मॅडम चणे-शेंगदाण्यांचा डबा शोधत असायच्या. भूक लागायची बिचारीला.

‘चीटिंग म्हणतच नाहीये मी,’ डॉक्टर म्हणाले. ‘डाएट करूनही बरं वाटत नाही तेव्हा बहुतेक वेळा नकळत खाल्लेला गहूच निघतो. पोळी सोडणं सोपं आहे. पोळीसारखा न दिसणारा गहू सोडणं अवघड. तो शोधा.’

तर या वेळचा कॉलम त्या शोधाचा.

आधी थोडा बेसिक फंडा. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रोटीन असतं. कणीक ताणली जाते, ब्रेडला जाळी पडते, ती त्याचीच कृपा. सिलिअॅक डिसीज असलेल्या माणसाचं शरीर मात्र ग्लूटेन आलं की स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला चढवतं. आतड्याचं मखमलीसारखं अस्तर सपाट होत जातं आणि मग लोह, कॅल्शियम काहीच नीट शोषलं जात नाही. म्हणून तर बाईसाहेब चार वर्षं लोहाच्या गोळ्या गिळूनही पांढऱ्याफटक होत्या आणि येणारा-जाणारा त्यांना ‘डाएटिंग कमी कर’ असा सल्ला देत होता. ही अॅलर्जी नाही, आणि हिरॉइनींचं फॅड तर नाहीच नाही. उत्तर भारतात झालेल्या पाहण्यांत साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला आहे. कित्येकांना त्याचा पत्ताच नसतो. (आणि हो, डाऊट असेल तर आधी टेस्ट, मग गहू बंद. उलटं केलंत तर टेस्टमध्ये काही सापडत नाही.)

यावर औषध आजही नाही. गहू हा गुन्हेगार आहे, हे कळायलाच १९५० साल उजाडलं. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला आधीपासून संशय होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या शेवटी, हॉलंडमध्ये ब्रेड मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी, आणि हे आजारी पोरं मात्र सुधारायला लागली! त्या संशयावरच त्याने पुढे प्रबंध लिहिला.

आता कळीचा प्रश्न. किती गहू चालतो? ‘अगदी थोडासा’ या शब्दाला आपल्याकडे काही अर्थच नाही. लग्नात ‘अगदी थोडीशी वाढते’ म्हणत पानात चार जिलब्या पडतात. म्हणून आकडे बघू. २००७ साली इटलीतल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. पेशंटना तीन महिने रोज मोजून ग्लूटेन दिलं. रोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या आतड्याला इजा झालेली दिसली. तेव्हापासून दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहा, असं साधारण सांगतात. गव्हाच्या पिठात अंदाजे दहा टक्के ग्लूटेन धरलं तर १० मिलिग्रॅम म्हणजे १०० मिलिग्रॅम पीठ. चिमटीत येतं तेवढं. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम ग्लूटेन असतं, म्हणजे एक स्लाइस हा दोनशे दिवसांचा कोटा झाला.

पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ छापायचं तर आपल्या एफएसएसएआयची मर्यादा आहे किलोमागे २० मिलिग्रॅम. अमेरिकेत आणि युरोपातही तीच. बाईसाहेबांनी हा आकडा ऐकला आणि किचनमध्ये जाऊन वजनकाट्यावर शंभर गहू मोजून ठेवले. चार ग्रॅम भरले. म्हणजे एक दाणा ४० मिलिग्रॅमचा, त्यात ग्लूटेन साधारण चार मिलिग्रॅम. किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे दळले गेले की मर्यादा गाठली. फक्त पाच!

त्या रात्री तिने एक्सेल उघडली. काय खाल्लं, कुठे खाल्लं, कुणी केलं, कोणत्या भांड्यात, पाकीट असेल तर ब्रँड, आणि शेवटचा कॉलम ‘रिस्क’. ‘बग शोधणं हा माझा धंदा आहे,’ ती म्हणाली. रडणं वगैरे संपलं होतं. मला जरा हायसं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली, कारण त्या शीटमध्ये ‘को-यूजर’ म्हणून माझं नाव होतं.

पहिला आरोपी कोण, हे तुम्हाला कुठल्याही फॅमिली ग्रुपवर कळेल. हिंग! आणि आरोप खोटा नाही. हिंग म्हणजे एका झाडाच्या मुळांतला चीक. अफगाणिस्तान, इराणकडून येतो. अस्सल हिंग इतका जहाल असतो की तसा वापरताच येत नाही. म्हणून त्यात डिंक आणि पीठ घालून तो सौम्य करतात. आपल्या डबीत असतो तो हा बांधानी हिंग, आणि त्यातलं पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा, सापडेल. म्हणजे वरणभात हे जगातलं सगळ्यात निरागस जेवणसुद्धा फोडणीत फसतं. आम्ही आमची डबी त्याच रात्री फेकली आणि तांदळाचं पीठ घातलेला हिंग आणला. तो मिळतो, जरा शोधावं लागतं इतकंच.

पण बाईसाहेबांनी गणित केलं. फोडणीला पाव ग्रॅम हिंग, त्यात निम्मं गव्हाचं पीठ धरलं, तरी अख्ख्या पातेल्यात बारा-तेरा मिलिग्रॅम ग्लूटेन. ते तिघांत वाटलं जाणार. दोन्ही वेळच्या आमटी-भाजीचं मिळून दिवसाला आठ-दहा. निर्दोष नाही, अगदी काठावर आहे, पण एवढ्यावर रिपोर्ट सहापट राहायचा नाही. मोठा मासा दुसरीकडे होता.

मग संशय आला तो आमच्या स्वयंपाकाच्या मावशींवर. हे लिहायला आजही लाज वाटते. झालं असं की ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, हॉटेलातल्या भाकरीत हमखास मूठभर कणीक असते, त्याने भाकरी थापताना तुटत नाही. ही गोष्ट खरी आहे, ‘ज्वारीची रोटी’ म्हणून मेन्यूत असते ती पोळीसारखी लवचिक लागली तर समजून जा. बाईसाहेबांनी मावशींना फार गोड आवाजात विचारलं. गोड आवाजानेच घात झाला.

‘ताई, भाकरीत गव्हाचं पीठ? मी काय हॉटेलवाली आहे का?’ मावशींनी परात तिथेच ठेवली. दोन दिवस आमच्याशी बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाल्या, ‘पीठ नाही घालत मी. पण चाळण एकच आहे तुमच्या घरात. पोळपाट एकच. तवा एकच. आधी हिच्या पोळ्या लाटते, मग तुमच्या भाकऱ्या थापते.’

हिच्या म्हणजे माझ्या. कॉलमच्या मध्यावर येऊन लेखिकाच आरोपी! चाळण उजेडात धरून बघितली तर जाळीच्या कडेला कणकेचा पांढरा थर सिमेंटसारखा बसलेला. कितीही धुवा, निघत नाही. लाकडी पोळपाट-लाटण्याच्या भेगांत तेच. आता भाकरीची चाळण, परात, तवा, उलथनं वेगळं, सगळ्यांना लाल नेलपॉलिशचा ठिपका, आणि मावशी आधी भाकरी करतात, ओटा पुसतात, मग माझी कणीक निघते. पोळी मी सोडलेली नाही. मैत्री आपल्या जागी, पोळी आपल्या जागी. टोस्टर मात्र मी माझ्या खोलीत नेला.

ऑफिसच्या कँटीनचं तर काय सांगू! गुरुवारी तिथे साबुदाणा वडा असतो. साबुदाणा, बटाटा, दाण्याचं कूट, गहू औषधालाही नाही. बाईसाहेब आठ महिने दर गुरुवारी दोन प्लेट चापत होत्या. त्या आठवड्यात पहिल्यांदा काउंटरच्या आत डोकावल्या, तर ज्या कढईतून समोसे निघत होते त्याच कढईत साबुदाणा वडे पडत होते. (उपासवाल्यांनी हे वाक्य वाचलं नाही असं समजावं.) इडलीबद्दल विचारलं तर कूकने मोठ्या अभिमानाने सांगितलं, ‘थोडा रवा टाकतो मॅडम, सॉफ्ट होते.’ फ्राइड राइसमधल्या सोया सॉसमध्ये गहू. मिसळीतल्या फरसाणात मैद्याचे तुकडे. कॉर्नफ्लेक्स मक्याचे, पण चवीला घातलेला माल्ट जवाचा. आणि ते ‘हेल्दी’ नाचणी कुकीजचं पाकीट, ज्यावर नाचणीच्या कणसाचा झकास फोटो आहे! घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात. पहिला मैदा, नाचणी चौथ्या नंबरावर. हे त्यांनी लपवलेलंसुद्धा नाही. आपणच फोटो वाचतो, अक्षरं वाचत नाही. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार गहू, जव, ओट्स यांसारखी धान्यं असतील तर तसं वेगळं सांगावं लागतं, तेव्हा घटकांच्या यादीखालची ती ओळ आधी शोधायची.

घरच्या जिनसांनी जास्त धक्के दिले. कारण त्यांना लेबलच नसतं. मेतकूट म्हणजे डाळी आणि मसाला असं मी जन्मभर समजत होते, पण बऱ्याच घरांत त्यात भाजलेले गहू पडतात. थालीपिठाच्या भाजणीत तर असतातच. सातूचं पीठ म्हणजे जव किंवा गहू, दोन्हीकडून आऊट. बाईसाहेबांच्या आजीच्या हातची मेतकुटाची बरणी माझ्याकडे आली. कुणाचं वाईट, कुणाचं भलं.

हे सगळं सहा आठवडे पाळलं. पोट थोडं हलकं झालं, थोडंच. तीनच्या ठोक्याला डोकं डेस्कवर जायचं ते जातच होतं. एका रविवारी ती शीट उघडून बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. रोज दोनदा, एकही दिवस न चुकता येणारी एकच ओळ होती. ‘भाकरी. आईचं पीठ. रिस्क: झीरो.’

‘ज्या मॉड्यूलवर सगळ्यांचा भरवसा असतो,’ ती म्हणाली, ‘ते कुणी टेस्टच करत नाही.’

बाईसाहेब मूळच्या मंगळवेढ्याकडच्या. तिकडची मालदांडी ज्वारी म्हणजे काय चीज आहे ते खाणाऱ्यालाच माहीत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय टॅगसुद्धा मिळाला आहे. आजार कळल्यापासून तिची आई दर महिन्याला पाच किलो पीठ दळून पुण्याच्या गाडीत ठेवते आणि ही पहाटे स्वारगेटला जाऊन घेऊन येते. पिशवीला आईने शिवलेलं झाकण, वर मार्करने हिचं नाव. ‘बाहेरचं पीठ खाऊ नकोस, त्यात काय असतंय देवाला ठाऊक,’ हे दर फोनला. त्या पिठावर संशय घेणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तिने वाटीभर पीठ एका लॅबला दिलं. अशी टेस्ट होते, पैसे बरेच घेतात. रिपोर्ट ईमेलवर आला तेव्हा ती मीटिंगमध्ये होती. मला फॉरवर्ड केला, वर एक शब्दही न लिहिता. आकडा विशीत नव्हता. शेकड्यांत होता.

गहू आला कुठून? शेतात नव्हता, डब्यात नव्हता. पुढच्या शनिवारी आम्ही दोघी गावी गेलो आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पिठाच्या गिरणीत जाऊन दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ उभी राहिले. तुम्ही शेवटचे कधी गेला होतात? आपलं पीठ आता अॅपवरून येतं. पण आपल्या आया-आज्यांना जे पक्कं ठाऊक होतं, ते त्या गिरणीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. आपलं दळण कुणाच्या मागून पडतंय, हे बघायचं. गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी. तांदळावर गहू दळला तर पोळ्या बिघडतात म्हणून भांडणं होतात. आधीच्याचं थोडं पीठ आपल्या डब्यात येणार आणि आपलं थोडं पुढच्याच्या डब्यात जाणार, हा गिरणीचा नियमच आहे. फक्त हा नियम पोळीच्या चवीसाठी होता. कुणाच्या आतड्यासाठी त्याचा विचार कुणी केलेला नव्हता.

गिरणीवाले काका भले माणूस. त्यांनी मोटर बंद केली आणि पीठ पडतं तिथे बांधलेली कापडी नळी सोडून पाटीवर झटकली. पांढरं पीठ भसकन पडलं. दगडांच्या आत आणखी असणार, ते वेगळंच. ‘ज्वारीवरच दळतो ताई तुमच्या आईचं,’ ते म्हणाले. ‘पण सकाळपासून गव्हाची आठ-दहा दळणं झालेली असतात. त्यातलं कुठंतरी राहणारच की.’

हिशेब करून बघा. आत राहिलेलं पीठ अर्धी मूठ, फार तर ५० ग्रॅम धरा. त्यात पाच ग्रॅम ग्लूटेन. ते पाच किलो ज्वारीत मिसळलं तर किलोमागे १००० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या पन्नास पट. दिवसाच्या भाकऱ्यांना २०० ग्रॅम पीठ लागलं तर रोज २०० मिलिग्रॅम पोटात. ती आठ महिने पोळी सोडून भाकरीतून गहू खात होती.

हा फक्त आमच्या गिरणीचा लोचा आहे असं समजू नका. अमेरिकेत २०१० साली दुकानांतून बावीस प्रकारची धान्यं, बिया आणि पिठं आणून तपासली होती. सगळी मुळात ग्लूटेन नसलेली, म्हणजे बाजरी, सोयाबीन, तांदूळ वगैरे. त्यातली सात २० च्या वर निघाली. एका सोयाबीनच्या पिठात तर किलोमागे २९२५ मिलिग्रॅम. आणि २०१५ मध्ये चीरिओज या नामांकित सीरिअलची १८ लाख खोकी कंपनीला परत मागवावी लागली, वर ‘ग्लूटेन-फ्री’ छापलेली. कॅलिफोर्नियातल्या लोडाय इथल्या कारखान्यापर्यंत येणारी रेल्वे काही दिवस बंद होती, म्हणून ओट्सचं पीठ वॅगनमधून ट्रकमध्ये उतरवून नेलं, आणि या उठाठेवीत त्यात गव्हाचं पीठ शिरलं. एवढा मोठा कारखाना, लॅब, कॉम्प्युटर, आणि शेवटी भानगड तीच. आधीच्याचं पीठ पुढच्याच्या डब्यात.

गिरणीतून घर दहा मिनिटांवर. रस्ताभर बाईसाहेब मनात वाक्यं जुळवत होत्या. मला म्हणाली, तूच सांग. मी म्हटलं, अजिबात नाही.

आईने पिठलं-भाकरी केली होती. आमच्यासाठी, खास. ताटं वाढलेली. आणि ही भाकरीला हात लावेना. शेवटी तिने सांगितलं. गिरणी, नळी, लॅबचा कागद, सगळं एका दमात. आई ऐकत होत्या. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी उलटली नाही. मग म्हणाल्या, ‘म्हणजे मीच घालत होते होय गं?’

‘तसं नाही आई.’

‘तसंच की.’ त्यांनी गॅस बंद केला. ‘बाहेरचं खाऊ नको म्हणून सांगत होते मी तुला. दर फोनला.’

त्या जेवल्या नाहीत. ही भात आणि दही खाऊन उठली. मी पिठलं-भाकरी खाल्ली, कारण कुणीतरी खायला हवी होती आणि मला गहू चालतो. असलं अवघड जेवण मी पुन्हा जेवणार नाही.

संध्याकाळी आई एकट्याच गिरणीत जाऊन आल्या. काय बोलणं झालं माहीत नाही. आल्या त्या सरळ मागच्या खोलीत गेल्या आणि जुन्या जात्यावरची खोकी उतरवायला लागल्या. बाईसाहेबांनी महिन्याला पाच किलो जात्यावर दळण्याच्या कल्पनेला कडाडून विरोध केला. आईचे गुडघे दुखतात. दोघींचं मनसोक्त भांडण झालं आणि त्यानंतर मला वाटतं दोघींनाही बरं वाटलं.

तोडगा निघाला घरघंटी. आमच्या फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनच्या शेजारी आता एक घरघंटी आहे, ईएमआयवर घेतलेली, नवी कोरी. (सेकंडहँड स्वस्त पडत होती, पण आधी तिच्यात काय दळलं गेलं ते कोण सांगणार?) तिच्यात गहू दळायचा नाही. मी दळायला मागितला तरी. आई आता पीठ पाठवत नाहीत, ज्वारी पाठवतात. आवाज असा आहे की खालच्या काकूंनी एकदा येऊन विचारलं, घरात काम काढलंय का? वाट्टेल तेव्हा ताजं पीठ मिळतं, हा बोनस. भाकरी आता काय लागते म्हणून सांगू!

पुढची ब्लड टेस्ट पुढच्या महिन्यात आहे. डॉक्टरांनी बजावलंय, अँटिबॉडी हळूहळू उतरतात, घाई करू नका. दुपारी तीनला मात्र ती आजकाल मला मेसेज करते, ‘जागी आहे’. बास, एवढाच.

एक काम उरलंय. ज्वारीच्या पोत्यात गहू येऊ शकतो. मळणीचं मशीन तेच, बाजारात माप तेच. म्हणून दर रविवारी सकाळी आम्ही दोघी परात घेऊन बसतो आणि ज्वारी निवडतो, एफएमवर गाणी लावून. पांढऱ्या गोल दाण्यांत लांबट तांबूस दाणा चटकन दिसतो, फक्त लक्ष पाहिजे. गेल्या रविवारी दोन किलोंत सात निघाले. किलोमागे साडेतीन, म्हणजे हिशेबाने पासच. तिने तरी सातही उचलले आणि एका छोट्या वाटीत ठेवले. फेकू नको म्हणाली. आई दिवाळीनंतर येणार आहेत, त्यांना दाखवायचेत.